मार्कांचे माप आणि आपली मुले

(गडहिंग्लज तालुक्यातील एका खेड्यात, निकालानंतर भरलेल्या पालकांच्या सभेत तेथील प्राथमिक शिक्षकांनी दिलेले व्याख्यान.)



रोहिणी संपून मृग निघण्याच्या ह्या दिवसांत घरोघरी पेरणीची घाई आहे. तशातही आपण हातची कामे टाकून आलात, ह्याबद्दल मी आपला ऋणी आहे. निकाल लागल्यापासून मला वाटेत जो भेटतो तो एकच प्रश्न विचारतो, "गुरुजी, पोराला किती पडले?" पोर काय शिकले, हे कोणी विचारीत नाही. पडले किती, एवढेच. जणू मृगाचा पाऊस पडावा तसे मार्कही आभाळातूनच पडतात! म्हणून आज मी ह्या मार्कांविषयीच बोलणार आहे. ते आले कोठून, देतो कोण, कोठे उपयोगी पडतात आणि कोठे घात करतात, हे आपल्या घरातील प्रत्येक माणसास कळले पाहिजे. बाजारात ज्याला माप कळत नाही तो नागवला जातो, आणि शाळेतही तीच गत आहे.

मार्क हे एक मापच आहे. पूर्वी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळत नसे, हे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकलेच असेल. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि पुढे किलो-लिटर आले. तरीही उसाची गाडी काट्यावर चढली की आपला जीव खालीवर होतोच. माप म्हटले की ते कोणी घडविले, कोणाच्या हातात आहे, आणि त्याने मोजावयाचे काय, हे तीन प्रश्न शहाण्या माणसाने विचारावेत. मार्कांच्या बाबतीत मात्र आपण एकही विचारीत नाही. कागदावर तांबडी शाई दिसली की मान खाली घालतो.

इंग्रज येण्यापूर्वी आपल्याकडे पंतोजींच्या शाळा होत्या. कोणाच्या ओसरीवर वा देवळात मुले बसत, धुळपाटीवर अक्षरे गिरवीत, पावकी-निमकी घोकीत आणि पुढे मोडी लिहावयास शिकत. तेथे आजच्यासारख्या इयत्ता नव्हत्या, मार्क नव्हते, पास-नापास नव्हते. ज्याची उजळणी पक्की झाली तो पुढे गेला, ज्याची झाली नाही तो तीच पुन्हा म्हणत बसला. ऐकावयास हे मोठे गोड वाटते. पण बंधूंनो, त्या ओसरीवर बसत होते कोण? कुणब्याचे, कुंभाराचे, लोहाराचे पोर क्वचित. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या पोरास तर पायरीही चढण्याची बंदी. आणि मुलींचे नावच नको. तेथे मार्क नव्हते, कारण मार्क आधीच देऊन झाले होते! ते पाळण्यातच मिळत. त्या जन्माच्या परीक्षेस फेरतपासणी नव्हती आणि पुरवणी परीक्षाही नव्हती. तेव्हा जुने तेवढे सोने म्हणून मार्कांना शिव्या देणाऱ्यांच्या नादी आपण लागू नये.

आज आपण ज्यास मार्क आणि श्रेणी म्हणतो, ती चीज विलायतेकडची. केंब्रिजच्या विद्यापीठात गणिताच्या परीक्षेनंतर विद्यार्थ्यांस पहिला, दुसरा, तिसरा असे ओळीने लावण्याची चाल अठराव्या शतकात पडली. अमेरिकेत येल येथील अध्यक्षांनी १७८५ साली आपल्या रोजनिशीत ५८ विद्यार्थ्यांची उत्तम, दुय्यम, कनिष्ठ व वाईट अशी चार वर्गांत वाटणी लिहून ठेवली. अ, ब, क अशी अक्षरे देण्याची रीत १८९७ साली अमेरिकेतील माउंट होल्योक ह्या स्त्रियांच्या कॉलेजाने चालू केली, आणि ती पुढे जगभर पसरली.

आपल्याकडे १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे निघाली आणि त्यांच्याबरोबर हे माप आले. मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. तीत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे उत्तीर्ण झाले. त्याच्या आदल्या वर्षी कलकत्त्यास पहिली बी. ए.ची परीक्षा झाली, तिची हकीकत मोठी बोधप्रद आहे. त्या परीक्षेत सरळ मार्कांनी एकही उमेदवार पास झाला नाही. दोघे सहापैकी पाच विषयांत चांगले उतरले होते, पण एका विषयात थोडक्याने पडले. ही तूट सात मार्कांहून अधिक नव्हती, म्हणून त्यांस कृपेने पास करण्यात आले. त्या दोघांतील एक म्हणजे 'वंदे मातरम्' लिहिणारे बंकिमचंद्र चट्टोपाध्याय! ज्यांचे गीत पुढे सगळ्या देशाने डोक्यावर घेतले, त्यांसही विद्यापीठाने काही मार्क पदरचे घातले होते. आपले पोर दोन मार्कांनी अडले म्हणून त्यास वाळीत टाकणाऱ्या बापाने हे लक्षात ठेवावे.

ह्या मापाने गरिबांच्या शाळांत आणखी एक खेळ केला. इंग्लंडात १८६२ साली असा नियम झाला की, तपासनिसाने वर्षातून एकदा यावे, वाचन, लेखन व हिशेब तपासावा, आणि जितकी मुले पास होतील त्या मानाने शाळेस अनुदान द्यावे. ऐकावयास न्याय वाटतो. परिणाम काय झाला? मास्तरांनी मुलांकडून पुस्तकेच्या पुस्तके पाठ करून घेतली, आणि ज्याच्या पास होण्याचा भरवसा नाही ते पोर डोळ्यांसमोर नकोसे झाले. आपल्याकडेही १८८२ च्या हंटर कमिशनने अनुदानाच्या प्राथमिक शाळांकरिता हीच रीत सुचविली. अखेर १९०४ साली हिंदुस्थान सरकारनेच आपल्या ठरावात परीक्षांचा बडेजाव फार माजला असे कबूल करून ती रीत सोडली.

त्याच हंटर कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी आपले म्हणणे लिहून दिले होते. शेतकऱ्याच्या घामाच्या पैशावर वरच्या वर्गांची कॉलेजे चालतात आणि त्याच्या स्वतःच्या पोरास अक्षर मिळत नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करा, मोडी व बाळबोध, हिशेब, शेतीची माहिती व आरोग्य शिकवा, असे त्यांनी मागितले. पोराचा नंबर कितवा आला, ह्याच्याशी त्यांस कर्तव्य नव्हते. पोर शाळेत आहे की नाही, आणि तेथे त्याच्या जन्माला उपयोगी पडेल असे काही मिळते की नाही, हे त्यांचे माप होते.

आणि आपला हा मुलूख तर शाहू छत्रपतींचा. १९१७ साली त्यांनी करवीर राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, त्यात हे गडहिंग्लजही आले. पोरास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला होता. नीट ऐका. दंड नापास होणाऱ्या पोरास नव्हता, पोर घरी ठेवणाऱ्या बापास होता. आज आपण त्याच्या उलट करतो. पोर नापास झाले की दंड पोरास, आणि तो दंड म्हणजे शाळाच बंद!

आता मार्कांच्या बाजूनेही बोललेच पाहिजे, नाहीतर मी एकांगी ठरेन. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, बैठक क्रमांक असतो, आणि तपासणाऱ्यापुढे तोही झाकलेला असतो. लिहिणारा कोणाचा कोण, त्याच्या बापास जमीन किती, त्याचे आडनाव काय, हे तपासणाऱ्यास कळत नाही. हजारो वर्षे ज्याच्या तोंडाकडे बघून त्याची किंमत ठरविली, त्याच्यासाठी हा केवढा मोठा आधार! ओळखीपाळखीचा कारभार जेथे संपतो तेथे मार्क हा गरिबाचा मित्र असतो. म्हणून मार्कच नकोत, असे मी म्हणणार नाही.

पण मित्रासही त्याच्या पायरीने वागवावे. भीमराव रामजी आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले. त्यांस मार्क किती होते? ७५० पैकी २८२. म्हणजे शेकडा ३७ च्या थोडे वर. आजच्या दहावीच्या हिशेबाने ७५ ला प्रावीण्य, ६० ला प्रथम श्रेणी, ४५ ला द्वितीय श्रेणी आणि ३५ ला नुसते पास. म्हणजे बाबासाहेब ह्या शेवटच्या पायरीवर बसतात. आपण असतो तर म्हटले असते, "एवढ्यावर पुढे शिकून काय दिवे लावणार?" पण त्या वेळी मुंबईस त्यांच्या सत्कारासाठी सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते, आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातात ठेवले. त्या गुरुजींनी मार्क मोजले नाहीत, मुलगा पाहिला. पुढे सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली, कोलंबिया व लंडन येथील विद्यापीठांच्या श्रेष्ठ पदव्या आल्या, आणि १९२० साली माणगावच्या परिषदेत ह्याच आपल्या शाहू महाराजांनी त्यांचे जाहीर कौतुक केले. ३७ टक्क्यांस जर कोणी दार लावून घेतले असते, तर नुकसान कोणाचे झाले असते?

हे माप किती भरवशाचे, तेही पाहू. १९१२ साली अमेरिकेत दोन विद्वानांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडे तपासावयास दिली. उत्तर तेच, अक्षर तेच. कोणी शंभरांत ६४ दिले, कोणी ९८! भाषेत मतभेद चालायचेच, असे लोक म्हणाले. म्हणून त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली, तर तेथे फरक त्याहून अधिक. मी स्वतःचे सांगतो. एकदा रात्री उशिरा दमून तपासलेला निबंधांचा गठ्ठा सकाळी चहा घेऊन पुन्हा चाळला, तर दहापैकी चार दिलेल्या पोरास सहा द्यावेसे वाटले. पोर रात्रीतून हुशार झाले नव्हते. मास्तराची झोप झाली होती.

आपल्या दहावीचेच पाहा. २०१८ साली राज्याचा निकाल शेकडा ८९.४१ होता. २०१९ साली अभ्यासक्रम नवा आला, आणि भाषा व सामाजिक शास्त्रे ह्यांतील शाळेच्या हातचे २० मार्क मंडळाने बंद केले. निकाल ७७.१० वर आला. २०२० साली ते मार्क परत दिले, तो ९५.३० वर चढला. २०२१ साली महामारीमुळे परीक्षाच झाली नाही, नववीच्या व शाळेतल्या मार्कांवर निकाल लावला, तो ९९.९५! तीच माती, तेच पाणी. मग एका वर्षी राज्यातली पोरे एकाएकी ढ झाली आणि पुढच्या वर्षी एकाएकी पंडित झाली, असे कसे म्हणावे? पायली लहानमोठी झाली, धान्य तेच होते. मग २०१९ साली जो पडला त्यास जन्मभर "नापास" म्हणून हाक मारणे हा कोणता न्याय?

शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. खरे आहे, पण भात सारखा शिजलेला असेल तर. तीन तासांचा पेपर हे एक शीत. आपल्या तालुक्याच्या पूर्व भागात कितीतरी पोरे घरी कानडी बोलतात आणि पेपर मराठीत लिहितात. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आलेल्या कुटुंबाचे पोर निम्मे वर्ष फडावर असते. त्यांचे शीत कच्चे लागले, तर तांदूळ वाईट होता, की चूलच पेटू दिली नव्हती?

मग परीक्षा घ्यावी तरी कशी? ह्याचे उत्तर आपल्या गुऱ्हाळावर आहे. काहिलीत रस उकळतो तेव्हा गुळव्या तिच्याजवळ उभा असतो. तो मळी काढतो, भेंडीचे पाणी घालतो, चुन्याचा अंदाज घेतो, जाळ कमीजास्त करावयास सांगतो. पाक थेंबभर पाण्यात टाकून बोटांनी गोळी होते का ते पाहतो. ही परीक्षाच आहे, पण ती सुधारण्यासाठी आहे, कारण रस अजून काहिलीत आहे. पुढे रवा थंड होतो, बाजारात जातो, सौद्यात व्यापारी रंग आणि कण पाहून प्रत ठरवितो. तीही परीक्षाच. पण तेव्हा गुळाचे काही बदलता येत नाही, फक्त दर ठरतो. आमच्या शाळाखात्याच्या भाषेत पहिलीस आकारिक मूल्यमापन म्हणतात आणि दुसरीस संकलित. २०१० पासून आपल्या राज्यात पहिली ते आठवीस ही दोन्ही आहेत. शिक्षकाने आधी गुळव्या व्हावे, व्यापारी नंतर. दुर्दैवाने आम्ही पुष्कळदा नुसते व्यापारीच होतो, आणि आपणही आम्हांस दरच विचारता.

गुळाची आणखी एक गोष्ट आपणांस ठाऊक आहे. बाजारात पिवळ्याधमक रंगास दर मिळू लागला, तेव्हा काही गुऱ्हाळांवर हैड्रॉसची पूड पडू लागली. रंग उजळला, गूळ बिघडला. मार्कांचे तसेच आहे. कॉपी, गाईडातले पाठ उत्तर, ओळखीने वाढवून घेतलेले तोंडी मार्क ही सारी हैड्रॉसची पूड होय. प्रगतिपत्रक पिवळेधमक दिसते, पण पोराच्या हाती सोसायटीचे पासबुक दिले तर व्याज किती लागले ते त्यास सांगता येत नाही. रंगास दर दिला की रंगच पिकणार, हा बाजाराचा नियम आहे.

प्रगतिपत्रकावरील अक्षरांचा अर्थही सांगून ठेवतो. अ-१ म्हणजे ९१ ते १००, अ-२ म्हणजे ८१ ते ९०, ब-१ म्हणजे ७१ ते ८०, ब-२ म्हणजे ६१ ते ७०, क-१ म्हणजे ५१ ते ६०, क-२ म्हणजे ४१ ते ५०, ड म्हणजे ३३ ते ४०, आणि त्याखाली इ-१ व इ-२. एका मार्कासाठी पोरापोरांत जी जीवघेणी चढाओढ लागते ती कमी व्हावी, हा अक्षरे देण्याचा हेतू. पण त्यातही खोच आहे. ८० ला ब-१ आणि ८१ ला अ-२! ७१ चा व ८० चा मात्र एकाच गोठ्यात. कोठेतरी बांध घालावा लागतो, पण बांधाच्या दोन्ही बाजूंस माती एकच असते, हे विसरू नये.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणासही मागे ठेवू नये असे ठरविले. हेतू चांगला होता. पण कित्येक ठिकाणी "नापास करावयाचे नाही" ह्याचा अर्थ "शिकवावयाचे नाही" असा लावला गेला, हे मी माझ्या पेशाची लाज बाळगून सांगतो. पुढे २०१९ साली कायदा बदलला, आणि २०२३ पासून आपल्या राज्यात पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा आली. जो पडेल त्यास दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा, आणि तीतही पडला तर त्याच वर्गात. म्हणजे आता पाचवीच्या पोराच्या कपाळीही तो शब्द येऊ शकतो. म्हणूनच आज हे बोलणे मला अगत्याचे वाटले.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एका सुताराचा मुलगा होता. अपूर्णांकांच्या पेपरात त्यास पन्नासांत बारा पडले. 'पाऊणाचे निम्मे किती?' ह्या प्रश्नापुढे त्याने कोरी जागा सोडली होती. मी तांबड्या शाईने इ-१ लिहिले आणि शेरा मारला, 'गणितात अत्यंत कच्चा.' पुढे एकदा चौकट दुरुस्त करावयास मी त्याच्या बापाकडे गेलो. पोर फळीवर माप घेत होते. बाप म्हणाला, "साडेतीन इंच दोन सूत, मधोमध खूण कर." पोराने क्षणभरही न थांबता सांगितले, "पावणेदोन इंच एक सूत," आणि पेन्सिल ठेवली. मी मनात हिशेब केला. बरोबर होता. ज्यास पाऊणाचे निम्मे येत नाही असे मी लिहिले, तो सुतासुताचे निम्मे तोंडी करीत होता! मी म्हणालो, "ह्याला शाळेत नेटाने पाठवा." बाप हात जोडून म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच लिवलंय की, ह्याच्या डोस्क्यात गणित न्हाई म्हणून." आठवीनंतर ते पोर शाळेत दिसले नाही. आज तो कसबी कारागीर आहे, पण दहावी नाही म्हणून पदविकेचे दार त्यास बंद आहे. तेथे दोष मापाचा नव्हता. मी शाळेची भाषा मोजली आणि तिलाच अक्कल म्हटले. एका ओळीच्या शेऱ्याने मी एक मुलगा घालविला. तेव्हापासून 'कच्चा' हा शब्द मी लिहीत नाही. काय येते आणि काय अजून यावयाचे आहे, तेवढेच लिहितो.

म्हणून बंधुभगिनींनो, माझी आपणांस हात जोडून विनंती आहे. प्रगतिपत्रक हाती आले की अक्षराच्या खाली शिक्षकाने ज्या वर्णनात्मक नोंदी लिहिलेल्या असतात, त्या कोणाकडून तरी वाचून घ्या. सगळ्या वर्गास एकच नोंद उतरवून काढलेली दिसली, तर शिक्षकास जाब विचारा, मलाही विचारा. "किती पडले" ऐवजी "काय येत नाही, आणि ते येण्यास काय करू" असे विचारा.

दहावीत पोर पडले तर घाबरू नका. मंडळाकडे अर्ज करून गुणपडताळणी करता येते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते, पुनर्मूल्यांकन मागता येते. पुरवणी परीक्षा असते. दोन विषय राहिले तरी अकरावीत बसता येते. शाळा सुटलेल्यास सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. शिकलेल्या घरांतील लोक हे सगळे करतात. आपण मात्र दैवास बोल लावून पोरास गवंड्याच्या हाताखाली धाडतो. अर्ज आम्ही लिहून देऊ, मुदतीच्या आत या.

आणि आयाबहिणींनो, मुलास ४० पडले तरी त्यास शिकवणी लावता आणि मुलीस ६० पडले तरी "आता पुरे" म्हणता. एकाच घरात दोन पायल्या ठेवू नका. ती जन्माची परीक्षा आपण दारातून घालविली, ती माजघरातून पुन्हा आत येऊ देऊ नका.

माप जरूर असावे. ते तपासून घ्यावे, हाताळणाऱ्यावर नजर ठेवावी, आणि त्याने त्या दिवसाचा अभ्यास मोजावा. पोराचा जन्म त्याने मोजू नये. ह्या सोमवारी शाळा उघडेल तेव्हा गेल्या वर्षी पडलेली पोरे पहिल्या रांगेत बसलेली मला दिसावीत. त्यांस पाठविण्याचे काम आपले, शिकविण्याचे माझे.